फुकटची सहल आणि फरचा कोट

(या वेळी वाचकांची चार पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण चारही पत्रांचा विषय एकच आहे : फरचा कोट घेण्यासाठी परदेशी जाणे.)

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त कझाकस्तानातील अस्ताना येथे राहतात. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो आणि मुलीच्या बहुतेक मैत्रिणींकडे फरचे कोट आहेत. आता त्यांच्यापैकी दोघी ग्रीसमधल्या कास्तोरिया नावाच्या गावी खास कोट घेण्यासाठी निघाल्या असून मुलगीही त्यांच्याबरोबर जायचे म्हणते. प्रवासी कंपनीचे म्हणणे असे, की कोट घेतल्यास विमानाचे तिकीट आणि हॉटेल फुकट. मलाही ती सोबतीला बोलावते आहे. यात काही फसवणूक तर नाही ना?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अशा सहलींचा व्यवहार बहुधा उघड असतो आणि अटीही आधी सांगितलेल्या असतात, त्यामुळे फसवणूक हा शब्द मी वापरणार नाही. मात्र ‘फुकट’ हा शब्दही आपण मनातून काढून टाकावा. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियन भाषिक प्रवासी मोठ्या संख्येने ग्रीसला जाऊ लागले आणि त्यांच्यासाठी फरच्या दुकानदारांनी व प्रवासी कंपन्यांनी मिळून ही पद्धत बसवली. प्रवाशाला आणण्याचा, ठेवण्याचा आणि दुकानापर्यंत नेण्याचा खर्च कंपनी करते. प्रवाशाने ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली, की दुकानदार कंपनीला दलाली देतो आणि त्यातून तो खर्च वसूल होतो. ग्राहकाबरोबर फिरणाऱ्या मार्गदर्शकाचाही त्या दलालीत वाटा असतो. खरेदी झाली नाही, तर सहलीचे पैसे प्रवाशाकडून घेतले जातात. म्हणजे विमानाचे तिकीट शेवटी कोटाच्या किमतीतच बसवलेले असते.

पैशापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू पडते. ज्यांच्या खर्चाने आपण आलो, ज्यांच्या बसमधून उतरलो आणि ज्यांनी कॉफी पाजून अगत्याने पंधरा कोट अंगावर चढवून दाखवले, त्यांना ‘यातला एकही मला नको’ असे सांगणे भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय कंपनी आपल्याला तिच्याशी करार असलेल्या एक-दोन दुकानांतच नेते. शेजारच्या दुकानात तसाच कोट काय भावाने आहे, हे पाहायला सवड दिली जात नाही. महागड्या वस्तूच्या खरेदीत ग्राहकाच्या हाती एकच खरे बळ असते : न घेता बाहेर पडण्याचे. ते बळ तिकिटाच्या बदल्यात गहाण टाकू नये, असे माझे आपल्या मुलीला आग्रहाचे सांगणे आहे.

तेव्हा तिने स्वतःच्या खर्चाने जावे. कास्तोरिया ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यात, अल्बेनियाच्या सीमेजवळ, ओरेस्तियादा सरोवरात शिरलेल्या भूशिरावर वसलेले आहे. थेस्सालोनिकी या मोठ्या शहरापर्यंत विमानाने यावे. तिथून कास्तोरिया रस्त्याने सुमारे 200 किलोमीटर आहे आणि एग्नातिया महामार्ग झाल्यापासून हे अंतर अडीच तासांच्या आसपास कापता येते. आंतरशहर बससेवाही आहे. मुक्काम दोन रात्रींचा तरी ठेवावा : पहिला दिवस नुसता पाहण्यासाठी आणि भाव विचारण्यासाठी, दुसरा घेण्यासाठी.

आपण दोघी भारतीय पासपोर्टवर जाणार असाल, तर दोघींना शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा सामाईक व्हिसा, लागेल. मुलीने तो कझाकस्तानातून मागावा आणि आपण मुंबईतून. प्रौढांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा असावा लागतो आणि निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात. मात्र उन्हाळ्याच्या गर्दीत अर्ज देण्यासाठी वेळ मिळण्यातच कित्येक आठवडे जाऊ शकतात. अर्जात सहलीचा हेतू पर्यटन असाच लिहावा, कारण स्वतःसाठी एखादा कोट घेणे हा काही व्यापार नव्हे.

एवढ्या लांबच्या गावी कोटासाठी का जायचे, असेही आपल्या मनात आले असेल. कास्तोरियात आणि तिथून जवळच असलेल्या सियातिस्ता या गावात फरचे काम उस्मानी राजवटीपासून चालत आले आहे. त्यांची खरी ख्याती तुकड्यांच्या कामासाठी. युरोपातल्या मोठ्या शहरांतील फर कारागीर पंजे, शेपट्या, मानेचे आणि पोटाचे तुकडे कापून बाजूला टाकत. ते कास्तोरियाचे व्यापारी विकत घेऊन गावी आणत आणि आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडी उभी राहते तसे त्या तुकड्यांतून सलग फरचे ताव उभे करीत. या व्यापारावर श्रीमंत झालेल्या घराण्यांचे जुने वाडे दोल्त्सो या सरोवराकाठच्या भागात आजही पाहायला मिळतात. पुढे इथले कारागीर न्यूयॉर्क आणि फ्रँकफुर्ट येथे गेले, आणि त्या शहरांतल्या फरच्या पेठांमध्ये ग्रीक भाषा ऐकू येऊ लागली.

एखाद्या कारखान्यात काम पाहू देत असतील, तर ते अवश्य पाहावे. मिंक हा मुंगसाएवढा, अंगाने लांबट प्राणी. त्याचे कातडे आखूड असते, आणि कोट तर गुडघ्यापर्यंत हवा असतो. म्हणून कारागीर ते कातडे उलटे ठेवून धारदार पात्याने अर्धा-अर्धा सेंटिमीटरच्या तिरप्या पट्ट्यांत कापतो आणि प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीला किंचित खाली सरकवून पुन्हा जोडतो. रुंदी कमी होऊन लांबी वाढते आणि वरच्या बाजूने एकही सांधा दिसत नाही. शिवणयंत्रही वेगळे असते : दोन आडव्या चकत्यांमध्ये कातड्याच्या कडा उभ्या धरल्या जातात, सुई त्यांच्या टोकावरून जाते आणि मध्ये येणारे केस कारागीर प्रत्येक टाक्याला बोटाने किंवा टोच्याने आत ढकलत राहतो. शिवून झालेले भाग ओले करून, फळीवर खडूने काढलेल्या नमुन्यावर ताणून पक्के करतात आणि वाळू देतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की कोणत्या कोटाला किती पैसे द्यायचे याची समज दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहत नाही.

आता भावाविषयी. कास्तोरियाचा सर्वांत मोठा ग्राहक अनेक वर्षे रशिया हाच होता. 2014 च्या अखेरीस रुबल घसरला तेव्हा या गावाला पहिला मोठा फटका बसला, आणि मार्च 2022 मध्ये युरोपियन संघाने 300 युरोंहून महाग चैनीच्या वस्तू रशियात नेण्यास बंदी घातली, ज्यात कपडेही येतात. थेट विमानेही तेव्हाच बंद झाली. त्यामुळे कझाकस्तानातून येणाऱ्या ग्राहकाला आज दुकानदार हातचे जाऊ देण्यास सहजी तयार होणार नाही. लेबलवरची किंमत ही बोलणी सुरू करण्याचा आकडा समजावी आणि संकोच न करता घासाघीस करावी. ‘खास तुमच्यासाठी निम्म्या किमतीत’ असे म्हटले गेले, तर मूळ आकडाच दुप्पट लावलेला असण्याची शक्यता धरावी.

कराचा परतावा मात्र खरा आहे आणि तो सोडू नये. ग्रीसमध्ये मूल्यवर्धित कर 24 टक्के आहे आणि तो किमतीत धरलेला असतो. 3,000 युरोंच्या कोटात कराचा भाग साधारण 580 युरो होतो. युरोपियन संघाबाहेर राहणाऱ्याला, मग त्याचा पासपोर्ट कोणताही असो, तो परत मागता येतो. परतावा देणारी कंपनी आपले शुल्क कापून घेते, म्हणून हाती रक्कम कमी येते. दुकानात पासपोर्ट दाखवून तसा अर्ज भरून घ्यावा आणि संघाच्या हद्दीतून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर, सामान चेक-इन करण्याआधी, कोट दाखवून त्यावर कस्टमचा शिक्का घ्यावा. थेस्सालोनिकीहून इस्तंबूलमार्गे परतणार असाल तर हा शिक्का थेस्सालोनिकीलाच घ्यायचा आहे. पुष्कळ जण ही गोष्ट विमानात बसल्यावर आठवतात.

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो आणि ग्रीसच्या सहलीत एक कोट घेण्याचा विचार आहे. आम्हां दोघांनाही फरमधले काही कळत नाही. दुकानात उभे राहून चांगला-वाईट कोट कसा ओळखावा?
– एक दांपत्य

उत्तर : प्रथम कोटाला आतून पाहावे. चांगल्या कोटाचे अस्तर खालच्या कडेला पूर्ण शिवून टाकलेले नसते, किंवा तिथे उघडता येईल अशी फट ठेवलेली असते. अस्तर वर करून कातड्याची बाजू पाहू द्या, असे स्पष्ट सांगावे. पाहू देत नसतील तर पुढच्या दुकानात जावे. कातडे मऊ आणि लवचिक असायला हवे. मुठीत चुरगाळल्यावर कागदासारखा कुरकुर आवाज आला, तर ते जुने आहे किंवा नीट कमावलेले नाही, आणि काही हिवाळ्यांतच शिवणीपाशी फाटू लागेल. कातड्याच्या बाजूला लांबच लांब तिरप्या समांतर शिवणी दिसल्या, तर तो वर सांगितलेल्या पट्टीच्या पद्धतीने केलेला महागडा कोट. सरळ, रुंद चौकोन दिसले, तर अखंड कातडी एकमेकांना जोडलेली आहेत. हा कोटही उत्तम असू शकतो, पण त्यात मजुरी कमी असते. आणि शिवणींचे दाट, वेडेवाकडे जाळे दिसले तर तो तुकड्यांचा कोट. तुकड्यांचा कोट घेण्यात गैर काहीच नाही, ती तर कास्तोरियाची जुनी कला आहे. मात्र त्याची किंमत अखंड कातड्याच्या कोटापेक्षा पुष्कळ खाली असायला हवी.

मग केसांकडे वळावे. फरवर जोरात फुंकर घातली की वरचे लांब, चमकदार केस बाजूला होतात आणि तळाशी दाट मऊ लव दिसते. ती विरळ असेल आणि कातडे उघडे दिसत असेल, तर ऊब तेवढीच कमी. हात केसांच्या उलट दिशेने फिरवावा. केस पुन्हा जागेवर यायला हवेत आणि हाताला गळालेले केस लागता कामा नयेत. पांढरा रुमाल किंचित ओला करून चोळावा, रंग उतरला तर कोट कच्च्या रंगात रंगवलेला आहे. रंगवलेला कोट वाईटच असतो असे नाही, पण कातरलेला आणि रंगवलेला ससा मिंक म्हणून विकला जाण्याचे प्रकार जगभरच्या बाजारांत जुने आहेत. सशाचे केस अतिशय मऊ, पण कमजोर असतात आणि लवकर झडतात. मिंकमध्ये मादीचे कातडे नराच्या कातड्यापेक्षा लहान, हलके आणि अधिक मऊ असते, त्यामुळे तेच सहसा महाग पडते.

पावतीवर प्राण्याचे नाव लिहून घ्यावे, आणि जमल्यास शास्त्रीय नावासकट. ‘नैसर्गिक फर’ एवढेच लिहिलेली पावती कस्टमपाशी उपयोगाची नाही. याचे कारण असे, की संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारानुसार, म्हणजे साइटिसनुसार, काही फर सरसकट नेता येत नाहीत. बिबट्या, जग्वार, ऑसिलॉट यांचा व्यापार बंदच आहे, तर लिंक्स आणि लांडगा यांच्यासाठी परवान्याची अट येऊ शकते. मिंक या यादीत नाही. कुत्र्या-मांजरांच्या फरला युरोपियन संघात 2008 च्या अखेरीपासून बंदी आहे.

परतीच्या प्रवासात कोट सामानाच्या बॅगेत दाबून भरू नये. कापडी पिशवीत सैल घडी करून विमानात हातात ठेवावा, म्हणजे तो हरवण्याची भीती राहत नाही आणि शिक्क्याच्या वेळी दाखवताही येतो.

प्रश्न : आपल्या सदरात फरच्या कोटाच्या खरेदीचा सल्ला दिला जावा, हेच मला पटत नाही. प्राण्यांना पिंजऱ्यात वाढवून मारायचे आणि त्यांचे कातडे पांघरायचे, याचे समर्थन आपण करता का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपले पत्र मी मुद्दाम छापायला दिले, कारण कोट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने या प्रश्नापाशी थांबायला हवे. वस्तुस्थिती आपण म्हणता तशीच आहे. बाजारातले बहुतेक मिंक शेतीवर, जाळीच्या अरुंद पिंजऱ्यांत वाढवलेले असतात. पिल्ले वसंतात जन्मतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, हिवाळी फर पूर्ण भरली की, ती मारली जातात; म्हणजे आयुष्य सात-आठ महिन्यांचे. मिंकला वायूने मारतात, कोल्ह्याला विजेच्या धक्क्याने. पूर्ण लांबीच्या एका कोटाला चाळीसहून अधिक मिंक सहज लागतात. मिंक हा निसर्गात पाण्याकाठी एकटा हिंडणारा, पोहणारा शिकारी प्राणी आहे, आणि पिंजऱ्यात एकाच जागी येरझारा घालत राहण्याची त्याची सवय अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे.

याचा धोका माणसालाही पोहोचतो हे 2020 मध्ये दिसले. करोनाचा विषाणू माणसांकडून मिंकमध्ये आणि मिंककडून पुन्हा माणसांमध्ये गेला. डेन्मार्क तेव्हा मिंकच्या उत्पादनात जगात आघाडीवर होता. त्या सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये देशातले सगळे, म्हणजे दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा आदेश दिला. नंतर त्या आदेशाला कायद्याचा पुरेसा आधार नव्हता असे निघाले आणि संबंधित मंत्र्याला पायउतार व्हावे लागले. कास्तोरियाच्या परिसरातल्या मिंकशेतीतही त्या वर्षी लागण झाली होती. ब्रिटन, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, इटली आणि नॉर्वे यांनी फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घातली आहे. इस्राएलने 2021 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2023 पासून काही अपवाद ठेवून नव्या फरच्या विक्रीवरच बंदी आणली. युरोपियन संघभर अशी बंदी हवी, या मागणीवर पंधरा लाखांच्या आसपास नागरिकांनी सह्या केल्या आहेत.

माझे मत विचाराल तर मी स्वतः नवा फरचा कोट घेणार नाही आणि ज्याला उबेसाठीच कोट हवा आहे त्यालाही तो घ्यायला सांगणार नाही. चांगल्या प्रतीचा पिसे भरलेला किंवा कृत्रिम धाग्यांचा कोट उणे तीस अंशांत पुरेसा पडतो. ध्रुवीय संशोधन केंद्रांवर काम करणारी माणसे आज तसलेच कपडे वापरतात. पिसांच्या कोटातही प्राण्याचा प्रश्न उरतोच, हे मान्य करून. पण मध्य आशियात, सायबेरियात आणि कास्तोरियात फर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशाख आणि पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तिथे राहणारी आपली माणसे आपापल्या विवेकाने निर्णय घेणार आहेत. त्यांनी डोळे उघडे ठेवून जावे, सगळे ठाऊक असताना घ्यावे किंवा नाकारावे, यासाठीच या सदरात उत्तर दिले आहे. जुना, वापरलेला कोट दुरुस्त करून घेणे हा मधला मार्ग मला नव्या कोटापेक्षा कितीतरी बरा वाटतो. कास्तोरियाचे कारागीर जुन्या कोटाचे माप बदलण्याचे आणि झिजलेल्या पट्ट्या बदलण्याचे कामही करतात.

प्रश्न : दुबईत देरा भागात फरची बरीच दुकाने पाहिली. तिथून एक कोट घेऊन पुण्याला आणला तर चालेल का? हिमाचलच्या सहलीत वापरता येईल.
– एक वाचक, पुणे

उत्तर : देरातली ती दुकाने मुख्यतः रशियन भाषिक प्रवाशांसाठी उभी राहिली आहेत. माल बराचसा ग्रीस, तुर्कस्तान आणि चीन इथला असतो आणि कर अवघा पाच टक्के असला, तरी वाहतूक, दुकानाचे भाडे आणि दलाली किमतीत येतेच. भावाच्या दृष्टीने तिथे विशेष लाभ आहे असे मला वाटत नाही.

पुण्याला कोट आणण्याविषयी मात्र मी नकोच म्हणेन. भारत सरकारने जानेवारी 2017 मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली आहे. शिवलेला कोट घेऊन उतरणाऱ्या प्रवाशाने तो विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गिकेत (रेड चॅनेलमध्ये) जाहीर करणे, प्राण्याचे नाव असलेली पावती दाखवणे आणि मर्यादेबाहेरच्या किमतीवर शुल्क भरणे हे तर आलेच. त्याहून शहाणपणाचे म्हणजे खरेदीच्या आधीच मुंबईच्या कस्टम कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर हाती ठेवणे. प्राणी भारताच्या वन्यजीव कायद्याच्या किंवा साइटिसच्या यादीतला निघाला, तर प्रकरण शुल्कावर थांबत नाही.

समजा कोट घरापर्यंत आला, तरी तो टिकणार नाही. थंड देशांत उन्हाळ्यात फरचे कोट खास थंड कोठारात, साधारण दहा अंश सेल्सियस आणि पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवतात. आपल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते; बंद कपाटात कातड्याला बुरशी धरते, केस सुटू लागतात आणि कसर लागते. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तर नासायला एक पावसाळाही पुरे. हिमाचलच्या आठवडाभराच्या सहलीसाठी कुलूमध्ये विणलेली लोकरीची शाल आणि मनालीच्या बाजारात भाड्याने मिळणारे बर्फाचे कपडे पुरेसे आहेत.